वाकडं जुळलेलं हाड

कंपनीच्या जिन्यावर माझ्या डाव्या पायातली चप्पल निघाली आणि मला ते कळलंच नाही. मी तशीच वर गेले, टेबलाशी बसले, आकृत्या काढायची टी-स्क्वेअर पट्टी सरळ केली. पाच मिनिटांनी शिपाई चप्पल हातात घेऊन आला.

"मॅडम, ही तुमचीच ना?"

सगळे हसले. मीही हसले. मग टेबलाखाली हात घालून पाय चाचपला. बोटं लागत होती, पण जाड मोजा घातल्यावर लागावीत तशी.

नवी मुंबईत पावणे इथे पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं काढत, मी ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायची. अकरा वर्षं तेच काम. दिवसभर बोर्डावर ओणवं राहायचं, त्यामुळे पाठ दुखायचीच. आमच्या खोलीत सगळ्यांचीच दुखायची. माझी आठ-नऊ महिने दुखत होती. बाम झाला, पट्टा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री उशी ओली व्हायची. वजन उतरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरी दिसतेस बारीक." मला तेही बरंच वाटलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा तिथून जवळच, बोनकोडे गावात भाड्यानं राहायचो. मी, माझे यजमान विलास, सासूबाई आणि सात वर्षांची केतकी. चप्पल निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी विलासनी रात्रपाळीहून आल्या आल्या मला वाशीला डॉक्टरांकडे नेलं.

तो दिवस

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. रोज आकृत्या वाचणारी मी, पण ती आकृती मला वाचता येईना. त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. "इथे दोन मणक्यांमध्ये फट दिसायला हवी. दिसतेय?"

दिसत नव्हती. दोन मणके एकमेकांत खचले होते.

"टीबी आहे," ते म्हणाले.

"पण मला खोकला नाही," मी म्हणाले. जणू त्यांची चूक दाखवून दिली की विषय मिटणार होता.

"टीबी फुप्फुसाचाच असतो असं नाही, ताई. हाडाचाही होतो. औषधानं बरा होतो. पण तुमचे पाय वाचवायचे असतील, तर आत्तापासून उभं राहायचं नाही."

आत्तापासून म्हणजे खरोखरच आत्तापासून. मी चालत त्या खोलीत शिरले होते, बाहेर आले ती स्ट्रेचरवरून. तशीच आडवी पडून मी छताचा पंखा बघत होते आणि मनात एकच, साडेबाराला केतकीची शाळा सुटते, तिला आणायला कोण जाणार? विलास गाडी ठरवून परत आले, माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले, "टिफिनची पिशवी कुठे ठेवलीस?"

बाकी काही नाही. या प्रश्नाचा राग मी कितीतरी महिने मनात धरला. आज कळतं, माणूस घाबरला की जे हाताला लागेल ते घट्ट धरतो. त्यांच्या हाताला टिफिन लागला.

बोट वर की खाली

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मी सात आठवडे होते. माझ्या पाठीच्या मापाचा प्लास्टरचा अर्धा साचा केला होता, त्यात मला उताणी ठेवलेलं. कुशीवर वळायचं असेल तर दोन आयाबाया ओंडका फिरवावा तशा फिरवायच्या. पहाटे पाचला अंग पुसणं, मग इंजेक्शन, मग मूठभर गोळ्या. त्यांतल्या लाल कॅप्सूलनं लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी व्हायचं. पहिल्यांदा रडले तेव्हा पांढऱ्या उशीवर केशरी डाग पडला. मी किंचाळले. नर्स म्हणाली, "अहो, औषध लागू पडतंय तुमचं. रडा बिनधास्त."

सगळ्यात भीती वाटायची ती सकाळच्या राउंडची. डॉक्टर मला डोळे मिटायला सांगत, माझ्या पायाचा अंगठा चिमटीत धरून वर किंवा खाली करत आणि विचारत, "वर की खाली?" उजव्या पायाचं कळायचं. डाव्याचं काहीच कळत नव्हतं. मी अंदाजानं ठोकून द्यायची. निम्मी उत्तरं तशीही बरोबरच येतात. आठ दिवस मी डॉक्टरांना अशी फसवत होते. नवव्या दिवशी त्यांनी बोट हलवलंच नाही आणि विचारलं. मी ठामपणे सांगितलं, "वर."

ते नुसतं माझ्या कपाळावर हात ठेवून पुढच्या कॉटकडे गेले. त्या दिवशी मी जेवले नाही.

शेजारच्या कॉटवर रुकय्याभाभी होत्या. पनवेलच्या पुढे खाडीकाठच्या गावच्या, साठीच्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण वॉकर धरून त्यांना चार पावलं टाकता यायची. मला फक्त छत दिसायचं, म्हणून त्या खिडकीशी उभ्या राहून मला बाहेरचं सांगायच्या.

"कबुतरीण बसलीय अंड्यांवर. नवरा काडी घेऊन आलाय. बसायला जागा नाही, तरी काडी आणतोय येडा."

वेळ जाता जात नव्हता, म्हणून मी विलासना पेन्सिल आणि वही आणायला सांगितलं. भाभी बोलत गेल्या तशी मी ती कबुतरीण काढली. न बघता, नुसतं ऐकून. वही त्यांच्या हातात दिली तर त्या हसून हसून कॉटवर बसल्या. "अगो बाय, हा तर पोपट झाला! कबुतराची चोच अशी असते होय?"

अकरा वर्षं मी पंपांचे नट-बोल्ट हुबेहूब काढत होते. एवढ्या वर्षांत एकही जिवंत गोष्ट काढली नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं.

भाभींना माझ्याआधी घरी सोडलं. जाताना त्यांनी स्वतःचा हातातला आरसा माझ्या कॉटच्या दांडीला बांधला आणि हळूहळू कोन बदलत राहिल्या. एकदम माझ्या डोळ्यांसमोर आकाशाचा तुकडा आला, खिडकीची चौकट आली आणि अंड्यांवर बसलेली ती कबुतरीण. पिवळसर डोळा, मान आत घेतलेली. सात आठवड्यांत त्या वॉर्डात माझ्यासाठी कुणी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती.

घर

घरी आणलं तेव्हा डावा पाय तसाच होता. अजून सहा महिने झोपून काढायचे, गोळ्या दीड वर्ष. पाय सुधारले नाहीत तर ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही.

केतकीला माझ्या बहिणीकडे साताऱ्याला पाठवलं होतं. महिनाभरासाठी म्हणून पाठवलेली पोर तिथेच शाळेत घालावी लागली. दर रविवारी विलास कोपऱ्यावरच्या पीसीओवरून तिला फोन करायचे. मला तिथवर जाता येत नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज मी ऐकलाच नाही.

"काय म्हणाली?"

"बरी आहे."

"अजून काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणाली ना, सुनंदा."

यावरून आमची इतकी भांडणं झाली की शेवटी मी विचारायचं सोडून दिलं आणि त्यांनी सांगायचं.

सासूबाईंनी माझं ताट-वाटी-भांडं वेगळं केलं. हाडाचा टीबी असा ताटातून पसरत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन माझ्या भांड्यांना खालून लाल ऑइलपेंटचा ठिपका लावला. तो ठिपका मला फार लागला. पण मी हेही लिहिलं पाहिजे की सहा महिने माझं बेडपॅन त्यांनीच उचललं. रोज, नाकाला पदर न लावता. या दोन्ही गोष्टी एकच बाई करत होती. मी पुष्कळ दिवस त्यांतली एकच मोजत होते.

आमची खोली तळमजल्यावर होती, मागची खिडकी खाडीच्या बाजूला. मधे एक पाणथळ तुकडा, पलीकडे तिवरांच्या झुडपांची हिरवी रेघ. डंपर येऊन मातीचे ढीग टाकून जायचे, पण पाखरांनी जागा सोडली नव्हती. विलासनी भाभींचा आरसा इथेही बांधला. छतातल्या पाळण्याच्या कडीला दोऱ्या बांधून माझ्या छातीवर एक प्लायवूडची फळी टांगली, तिला खालून कागद टाचला. उताणं पडून वर काढायचं. शाईचं पेन उलटं चालत नाही, पेन्सिल चालते. हात भरून यायचा, तरी मी काढायची. साळुंकी, कोतवाल, खंड्या, ढोकरी. ढोकरी हा मळकट बगळा. चिखलात उभा असला तर दिसत नाही, उडाला की पंख पांढरेशुभ्र.

दर आठवड्याला एक पाखरू पोस्टकार्डावर काढून साताऱ्याला पाठवायची. तिकडून उत्तर येत नव्हतं.

कोंबड्या

आता जे लिहिणार आहे, ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात मी गोळ्या टाकायला लागले. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. पाय जिथल्या तिथे. मला वाटायला लागलं, बरं व्हायचंच नाही तर हे विष कशाला गिळायचं? सासूबाई गोळ्या हातात देऊन पाणी आणायला वळल्या की मी त्या मुठीत दाबायची आणि नंतर खिडकीच्या गजांतून बाहेर. दहा-बारा दिवस असं चाललं. उलट्या थांबल्या. सासूबाई खूश झाल्या, म्हणाल्या, "सवय झाली बघ औषधाची." मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एक दिवस आमची घरमालकीण चांगुणाकाकी तडक आत आली. मूळची बोनकोड्याचीच. शेतजमिनी शहरासाठी सरकारनं घेतल्यावर मुलांनी बिल्डिंग बांधली होती, पण काकी अजून भल्या सकाळी चिखलात उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची आणि मागच्या अंगणात कोंबड्या पाळायची. सासूबाई देवळात गेल्या होत्या.

"सुनंदा, माज्या कोंबऱ्या लाल हगतान. खिरकीतून काय टाकतेस गो?"

तिनं मूठ उघडली. चिखलात माखलेली एक लाल कॅप्सूल.

मला हसूही आलं आणि रडूही. काकी हसली नाही. कॉटच्या कडेला बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माजा धाकला दीर असाच गेला. तीन महिने गोल्या खाल्ल्या, बरा वाटला, सोरल्या. मंग जो परत परला तो उठला नाय. बावीस वर्साचा व्हता. मीच त्याला जेवान देत व्हती. मला म्हाईत व्हता त्यानं सोरल्यान. मी कोनाला बोल्ली नाय."

काकीनं ती कॅप्सूल पदराला पुसून माझ्या उशाशी ठेवली.

"तुजा पन मी कोनाला सांगनार नाय. पन उद्यापासून मी येनार. माज्या डोल्यांसमोर गिलायच्या."

ती आली. दुसऱ्या दिवशी आली आणि त्यानंतर रोज, वर्षभर, एकही दिवस न चुकता. कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मी गिळल्यावर म्हणायची, "जीभ दाखव." सासूबाईंना वाटायचं, मालकीणबाईंना आमचा लळा लागलाय. पुढच्या तपासणीला मात्र मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले, मग उलटीसाठी वेगळं औषध दिलं. ते आधीच मागता आलं असतं. मी मागितलंच नव्हतं.

हाडं

एकदा गोळ्या गिळता गिळता मी काकीला म्हणाले, "माझ्या पाठीत नेमकं काय मोडलंय, तेच मला कळत नाही. मणका असतो तरी कसा?"

"मनका बघायचाय? त्यात काय. रविवारी देते."

रविवारी त्यांच्याकडे मटण होतं. संध्याकाळी काकीनं बोकडाचा एक मणका उकळून, घासून, स्टीलच्या वाटीत आणून दिला. मी तो बोटांनी फिरवून बघितला. मधे गोल भोक, ज्यातून नसांचा दोर जातो. दोन्ही बाजूंना पंखांसारखी टोकं. मागे एक काटा. वरच्या मणक्याची खाच खालच्यात कशी बसत असेल हे बघताक्षणी कळलं, कारण असले जोड मी रोज काढत होते. एक्स-रेतली ती धूसर सावली पहिल्यांदा मला वाचता आली. त्या रात्री मी त्या मणक्याची तीन आकृत्यांत ड्रॉइंग केली, समोरून, वरून, बाजूनं, पंपाची करते तशी. भीती गेली नाही. पण आता ती कशाची आहे ते तरी ठाऊक झालं होतं.

मग काकी खाडीवरून येताना जे सापडेल ते आणू लागली. "तुजी हाडां आनलीत गो." माशाचं डोकं, घारीनं सोडलेली बगळ्याची तंगडी, म्हशीची फासळी. बगळ्याच्या पंखाचं एक हाड मोडून आलं होतं. आत बघितलं तर पोकळ, आणि त्या पोकळीत केसासारख्या बारीक आडव्या-तिरप्या काड्या. वजन कमी ठेवून ताकद द्यायला आमच्या कंपनीत ओतीव भागांना आतून अशाच पट्ट्या देतात.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. "घरात आजारपण, आणि त्यात ही हाडं! स्मशान करायचंय का घराचं?" बुटांच्या खोक्यात भरून त्यांनी ती एकदा बाहेरही ठेवली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खोका कॉटखाली परत आला होता. "देव्हाऱ्याच्या बाजूला नको, एवढंच," त्या म्हणाल्या.

सहाव्या महिन्यात पट्टा बांधून बसायची परवानगी मिळाली. आता रंग वापरता येणार होते. घरात एकच रंगपेटी होती, केतकीची शाळेतली, वड्यांची. मी ती घेतली.

रंगवायला बसल्यावर कळलं की हाड पांढरं नसतंच. उन्हात पडलेलं हाड पिवळट, सावलीच्या बाजूला निळसर, खाडीतलं चहाच्या पाण्यासारखं. मी एकाच कागदावर वर जिवंत पाखरू आणि खाली त्याचं हाड असं काढू लागले. असं का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. उडणाऱ्या ढोकरीचं कौतुक सगळेच करतात. पण तिला उचलून धरणारी ती काडी किती हलकी असते, आणि तेवढ्या काडीवर ती जगते, हे बघताना मला धीर यायचा.

मग काकीनं ते हाड आणलं. कुत्र्याच्या पुढच्या पायाचं. मधोमध एक जाड गाठ होती आणि गाठीपासून हाड जरा कललेलं.

"ह्यो मोरलेला," काकीनं गाठीवर अंगठा फिरवला. "मंग जुरला. वाकरा जुरला, पन जुरला. ह्यो कुत्रा मंग चालत व्हता."

मी ते हाड हातात घेऊन पुष्कळ वेळ बसले. गाठीची जागा बाकीच्या हाडापेक्षा जास्त जाड होती. हा प्राणी पाय मोडून कुठेतरी आडोशाला पडून राहिला असेल. कुणी प्लास्टर केलं नसेल. आठवडेच्या आठवडे लंगडत कचऱ्यातलं खाल्लं असेल. आणि तो जगला, कारण मेला असता तर गाठ धरलीच नसती. हाड जुळायला जिवंत राहावं लागतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला. "दोन्ही मणके एकमेकांना धरून एक होतायत. पाठ पहिल्यासारखी सरळ होणार नाही, थोडा उंचवटा राहील. पण पक्की होईल." मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले, डाव्या पायाचा अंगठा धरला.

"वर की खाली?"

मी थांबले. या वेळी मला ठोकून द्यायचं नव्हतं.

"खाली," मी म्हणाले. "आता वर. आता परत खाली."

डोळे उघडले तेव्हा डॉक्टर हसत होते. विलास भिंतीकडे तोंड करून उभे होते.

निळा रंग

मे महिन्याच्या सुट्टीत केतकी परत आली. नऊ महिन्यांनी. बहिणीच्या मागे, तिचा पदर धरून दारात उभी राहिली. उंच झाली होती, वेणी येण्याएवढे केस वाढले होते. माझ्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"ये ना," मी म्हणाले.

ती आली नाही. "तुला उभं राहता येतं?"

"धरून येतं."

"बरं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस ती माझ्याशी परक्या बाईशी बोलावं तसं बोलत होती. एकदा जेवताना म्हणाली, "आई म्हणते, ताटात टाकायचं नाही." आणि लगेच जीभ चावून, "मावशी म्हणते." बहिणीनं मान खाली घातली. मी भात कालवत राहिले. त्या भाताला चव नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिनं कॉटखालून रंगपेटी ओढली.

"माझा निळा कुठाय?"

"संपला, केतू."

"कुणी संपवला?"

"मी."

तिचा चेहरा बदलत गेला. "माझा होता तो! तू मला पाठवून दिलंस, आणि माझे रंग वापरलेस!" ती पेटी आपटत होती, गादीवर बुक्के मारत होती. सासूबाई धावत आल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. समजावण्यासारखं पुष्कळ होतं. आजार, डॉक्टर, शाळा. पण मला वाटलं, पोरगी खरं बोलतेय.

"हो," मी म्हणाले. "तुला पाठवलं आणि तुझे रंग वापरले. चुकलं माझं."

ती आणखी मोठ्यानं रडायला लागली. रडता रडता कॉटवर चढली आणि माझ्या पट्ट्याच्या कडक कापडावर कपाळ टेकून पडून राहिली. नऊ महिन्यांनी तिच्या केसांचा वास आला. किती वेळ गेला कोण जाणे. मग पट्ट्यातच तोंड खुपसून तिनं विचारलं, "पोस्टकार्डावर काढला होतास, त्या खंड्याला लावलास का निळा?"

"हो."

"दाखव."

मी कागद काढून दिले. पाखरं बघून झाल्यावर ती हाडांच्या कागदांशी थांबली. मला वाटलं, घाबरेल. तिनं मणक्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि दुसरा हात माझ्या पाठीमागे नेऊन, पट्ट्यावरून हळूच चाचपलं.

"हे इथे आहे?"

"असंच, पण थोडं मोडलेलं."

"आता दुखतं?"

"थोडं."

"मग मी सावकाश बसते," ती म्हणाली, आणि मला टेकून सावकाश बसली. बहीण साताऱ्याला एकटीच परत गेली.

आत्ता जे पडून आहेत त्यांना

मी धीराची बाई नव्हते, हे वाचल्यावर लक्षात आलंच असेल. डॉक्टरांना फसवलं, गोळ्या फेकल्या, घरच्यांवर राग धरला. तुम्हीही असलं काही केलं असेल तर लाजू नका. फक्त एका माणसाला तरी सांगा. गोळ्या जमत नसतील तर खिडकीला न देता डॉक्टरांना सांगा. आणि बरं वाटू लागलं की जास्त जपा, कारण औषध सुटतं ते तेव्हाच.

चित्रं काढाच असं मी म्हणणार नाही. मला काढता येत होतं म्हणून मी काढली. पण पडल्या पडल्या काहीतरी नीट, बारकाईनं बघा. मुंगी बघा, पाल बघा. त्यांचं जगणं चालू असतं आणि त्यांना आपल्या आजाराची काही पडलेली नसते. मला त्याचंच मोठं बरं वाटायचं.

माझ्या पाठीतला उंचवटा आजही आहे. पूर्वीच्या उंचीतलं थोडं कमी झालं. डावा पाय थकला की ओढतो. कंपनीनं मला अर्ध्या दिवसावर परत घेतलं आणि बोर्ड उभा करून दिला, म्हणजे ओणवं राहावं लागू नये.

बांध

दीड वर्षानं गोळ्या थांबल्या. त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं खाडीच्या बांधावर गेलो. घरापासून दहा मिनिटांची वाट. मला पाऊण तास लागला. केतकी पुढे पळत होती, परत येत होती. विलास माझ्या डाव्या बाजूला, हात न धरता, पण धरता येईल इतक्या अंतरावर. मधे दोनदा थांबलो. बांधाचा चढ मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चढले आणि वर गेल्यावर हात काढून घेतला.

ओहोटी होती. चिखल दूरवर चमकत होता, आणि त्यावर लाल लांब पायांची पाखरं चोची खुपसत हळूहळू पुढे सरकत होती. वारा अंगावर येत होता. तो झोतासरशी मला ढकलत होता आणि मी पडत नव्हते.

मी विलासना म्हणाले, "बघा, मी उभी आहे."

त्यांनी मान हलवली. काहीतरी बोलायला गेले, "मला त्या दिवशी वाटलं होतं की..." आणि पुढचं आलं नाही. ते बांधावरच्या एका दगडावर खाली बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागले. दीड वर्षात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. पाळ्या केल्या, हॉस्पिटलच्या रांगा लावल्या, पीसीओवरून लेकीचं रडणं ऐकलं आणि घरी येऊन "बरी आहे" एवढंच सांगितलं. तेव्हा माझ्यापाशी फक्त माझंच दुखणं होतं.

केतकी पळत आली आणि थबकली. "आई, बाबा का रडतायत?"

मी विलासच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते बसले होते आणि मी उभी होते.

"दमलेत गं," मी म्हणाले. "बसू दे त्यांना. आपण थांबू."